कागदी चार्ट की स्क्रीन? त्याआधी विचारा, खोली मोजली कधी

परवा नेरुळला चहा पिताना एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, शिडाच्या होडीने ग्रीनलंड-कॅनडाच्या उत्तरेकडे जायचं तर कागदी चार्ट न्यायचा की इलेक्ट्रॉनिक?" पठ्ठ्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय आणि रात्री असले व्हिडिओ बघतो. पण प्रश्न चांगला आहे. आपल्या इथेच करावेला, टी. एस. चाणक्यमध्ये, पोरं अजून चार्टवर पेन्सिलने कोर्स आखायला शिकतात. मोठ्या व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा, म्हणजे एक्डिस, 2012 ते 2018 दरम्यान टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. छोट्या शिडाच्या होडीला ती सक्ती नाही, म्हणून तिथे वाद अजून चालू आहे.

आधी स्क्रीनची चूक बघू. 29 नोव्हेंबर 2014. व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' केपटाउनहून अबुधाबीकडे निघालेली, आणि मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकांवर रात्री आदळली. नऊही जण वाचले, होडी मोडली. खडक चार्टमध्ये होते! पण झूम कमी असताना ते स्क्रीनवर नीट दिसत नव्हते. इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये कोणती खूण कोणत्या प्रमाणाला लपवायची हे आधीच ठरवलेलं असतं, नाहीतर स्क्रीनवर नुसती गर्दी होईल. म्हणून ठरलेल्या मार्गावरून पूर्ण झूम करून एकदा सरकत जावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

आता कागदाची बाजू. 27 ऑगस्ट 2010 ला कॅनडाच्या कॉरोनेशन गल्फमध्ये 'क्लिपर अॅडव्हेंचरर' हे 128 प्रवाशांचं जहाज समुद्राखालच्या उंचवट्यावर चढून बसलं. तो उंचवटा 2007 मध्येच सापडला होता आणि तशी सूचनाही निघाली होती. ती जहाजावरच्या कागदी चार्टवर उतरलीच नव्हती. त्या चार्टवर त्या भागात खोलीच्या आकड्यांची एकच रांग होती, आणि जहाज त्या रांगेवरून सुमारे 14 नॉट वेगाने चाललं होतं. रांगेच्या दोन्ही बाजूंना पांढरं कोरं. कोरं म्हणजे तिथे खोल पाणी आहे असं नव्हे. तिथे कुणी मोजलेलंच नाही.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. न्हावा-शेवाच्या चॅनेलमध्ये गाळ साचतो, म्हणून खोली पुन्हापुन्हा मोजावी लागते. कॅनडाच्या आर्क्टिकचा पाचवा भागही आधुनिक पद्धतीने मोजलेला नाही. काही आकडे दोरीला शिसं बांधून घेतलेले. स्क्रीनवर मात्र दोन्हीकडचे आकडे सारख्याच सुबक अक्षरांत उमटतात. हाताने काढलेल्या जुन्या चार्टचा निदान चेहरा तरी जुना दिसतो.

आणखी एक भानगड. ग्रीनलंडच्या काही जुन्या चार्टवर किनाराच खऱ्या जागेपासून सरकलेला आहे. जीपीएस बरोबर, चार्ट चूक, आणि स्क्रीनवर तुमची होडी डोंगरावर! अशा वेळी रडारने किंवा डोळ्याने किनाऱ्यापासूनचं अंतर घ्यायचं. चुंबकीय ध्रुवाच्या आसपास होकायंत्रही धड चालत नाही, म्हणजे कागदवाल्यांचं आवडतं हत्यारही बोथट. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ही स्क्रीनवाल्यांची अडचण.

यावर चार्ट बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवलीय. कागदी चार्टच्या कोपऱ्यात बहुतेकदा छोटी आकृती असते: कोणता भाग, कोणत्या साली, कोणी मोजला. इलेक्ट्रॉनिकमध्ये त्याऐवजी विश्वासार्हतेची श्रेणी असते, ए1 पासून डी पर्यंत, आणि न तपासलेल्याला यू. ए1 मध्ये जागेची चूक 5 मीटरपर्यंत धरतात, सी मध्ये 500 मीटरपर्यंत. म्हणजे सी मधल्या खडकाला 50 मीटर लांबून वळसा घालण्यात काही अर्थ नाही. (तुमच्या थीसिसमधला डेटा कोणत्या श्रेणीतला, हे गाइड विचारणारच आहेत, आधीच बघून ठेवा.)

ज्युनिअरला सांगितलं, दोन्ही घे, पण आधी ही आकृती नाहीतर श्रेणी बघ. डी किंवा यू दिसलं तर वेग कमी आणि एकजण पुढे पाण्यावर नजर ठेवून. त्याचं समाधान झालं नाही, म्हणून लॅपटॉप उघडला. अमेरिकेच्या नोआचे इलेक्ट्रॉनिक चार्ट फुकट मिळतात, ओपनसीपीएनही फुकट. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याचा एक चार्ट उतरवा, डेटाच्या दर्जाचा थर चालू करा, मग शेजारी न्यूयॉर्क बंदराचा उघडा. दोन्हीकडची श्रेणी वाचून तो बराच वेळ गप्प होता. चहा गार झाला.