पदवी आधी, वय मागाहून

गेल्या श्रावणात एक निवृत्त शिक्षक रक्तदाब दाखवण्यासाठी माझ्या दवाखान्यात आले. एरवी १३०-८०च्या आसपास राहणारा त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १६०च्या पुढे गेला होता. जेवणात मीठ वाढले नव्हते, गोळी चुकली नव्हती. चौकशी करता कळले, की आठ दिवस घरात वाद चालला आहे. नातू अकरा वर्षांचा. सहावीत आहे, पण नववीच्या बीजगणितातील उदाहरणे आपण होऊन सोडवतो. मुलाचे म्हणणे असे, की त्याला नांदेडला ठेवावे, दोन-तीन इयत्ता गाळाव्यात आणि सोळाव्या वर्षी एम.एस्सी. करून टाकावी. सुनेचे म्हणणे नेमके उलट, आणि गुरुजी दोघांच्या मध्ये. "डॉक्टरसाहेब," ते मला म्हणाले, "ज्ञानेश्वरांनी पंधरा-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली. आमच्या पोराला एम.एस्सी. का जमू नये?"

मी म्हणालो, "गुरुजी, शुद्धिपत्रासाठी माउलींनाही पैठणला जावेच लागले होते." गुरुजी हसले. रक्तदाब मात्र त्या दिवशी उतरला नाही.

बिलोलीसारख्या गावात असे प्रश्न आता वरचेवर कानावर येतात. लातूर पॅटर्नचा दबदबा आणि नांदेडच्या क्लासेसचे फलक यांमुळे हुशार मूल दिसले, की घराला घाई होते. आपल्यापैकी अनेक आजी-आजोबा या घाईत मनोभावे सामील होतात. त्यात नातवंडाविषयीचा अभिमान असतो, आणि काहींच्या बाबतीत आपल्याला जे शिकता आले नाही त्याची भरपाईही असते. पदवी लवकर मिळेल का, हे सगळेच विचारतात. मिळाल्यानंतर त्या मुलाने काय करायचे, हे विचारणारे आजोबा मला अजून भेटायचे आहेत. म्हणून तेवढाच प्रश्न आज आपण धरू.

आपल्या देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण तथागत अवतार तुलसी यांचे. जन्म १९८७ चा, पाटण्याचा. नवव्या वर्षी दहावी, दहाव्या वर्षी बी.एस्सी., बाराव्या वर्षी एम.एस्सी. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण पुढचा हिशेब आपण शांतपणे मांडून पाहावा. बाराव्या वर्षी एम.एस्सी. झालेल्या या मुलाला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पीएच.डी. मिळाली ती २००९ साली, एकविसाव्या वर्षी. म्हणजे दहावी ते एम.एस्सी. हा सारा प्रवास तीन वर्षांत, आणि त्यापुढची एक पायरी चढायला नऊ वर्षे. यात त्यांचे काहीही उणे नाही. संशोधन असेच वेळ घेते. पाठांतराने आणि झपाट्याने परीक्षा ओलांडता येतात. जे प्रश्न कोणीच सोडवलेले नाहीत त्यांच्याजवळ मात्र बसून राहावे लागते. एकविसाव्या वर्षी पीएच.डी. हेही विलक्षणच, पण सुरुवातीच्या वेगावरून लोकांनी जी अपेक्षा बांधली होती, तिच्या मानाने ती संथ ठरली.

२०१० साली, बाविसाव्या वर्षी, ते पवईच्या आयआयटी मुंबईत सहायक प्राध्यापक झाले. पुढे त्यांची प्रकृती बिघडली. वारंवार येणाऱ्या तापाचे कारण मुंबईची हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३च्या अखेरीस ते दीर्घ रजेवर पाटण्याला गेले आणि २०१९ साली त्यांची नोकरी संपुष्टात आली. दुसऱ्या आयआयटीत बदली मिळावी म्हणून आपण झगडत आहोत, असे त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितले. त्यांच्या आजाराविषयी दुरून मत देणे कोणत्याही वैद्याला शोभणार नाही, आणि या घटनेवरून लवकर शिकलेली मुले कोसळतातच असा निष्कर्षही मी काढणार नाही. मला त्यात एवढेच दिसते, की नोकरी टिकवायला लागणाऱ्या गोष्टी पदवीबरोबर मिळत नाहीत. परक्या शहरात एकट्याने राहणे, आजारपणात स्वतःची काळजी घेणे, कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे, अडचण वेळेवर कोणाला तरी सांगणे, हे सारे माणूस समवयस्कांच्या संगतीत, वसतिगृहात, मेसच्या रांगेत शिकतो. बाराव्या वर्षी एम.एस्सी. झालेल्या मुलाला असा सवंगडी कुठे मिळणार?

दुसरी अडचण कायद्याची आहे, आणि ती घरात फारशी कोणाला ठाऊक नसते. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला २१ वर्षे पुरी लागतात. अठराच्या आत कोणाला स्वतःच्या सहीने करार करता येत नाही, म्हणजे नोकरीचे करारपत्रही नाही. लखनऊची सुषमा वर्मा सातव्या वर्षी दहावी झाली. तिला डॉक्टर व्हायचे होते, पण वयाअभावी ते दार बंद होते. मग तिने विज्ञान शाखा घेतली आणि पंधराव्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली. मुलीच्या आवडीचा रस्ता वयाने अडवला आणि उरलेल्या रस्त्यांपैकी एक तिने धरला. सोळाव्या वर्षी एम.एस्सी. होणाऱ्या मुलापुढे आपल्या देशात खऱ्या अर्थाने एकच वाट मोकळी असते, ती संशोधनाची. मूल त्या वाटेचे असेल तर उत्तम. पण अकराव्या वर्षी ते कोणी ओळखावे? मला तरी ओळखता येत नाही.

अमेरिकेत असे वयाचे फाटक नव्हते, म्हणून वेल्लोरला जन्मलेले बालमुरली अंबाटी १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये सतराव्या वर्षी डॉक्टर झाले. आमच्या पेशातील हे नवलच. मात्र नेत्रतज्ज्ञ होण्यासाठी निवासी डॉक्टरची वर्षे त्यांनाही इतरांसारखीच काढावी लागली. पुढे ते नामांकित नेत्रशल्यचिकित्सक आणि प्राध्यापक झाले. म्हणजे हा रस्ता आंधळ्या गल्लीतच जातो असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ पासून गणितात विलक्षण गती असलेल्या मुलांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. तो अभ्यास अनेक दशके चालला आणि त्यातून दिसले, की ज्या मुलांची खरोखर तयारी होती, त्यांना पुढे नेल्याने सर्वसाधारणपणे नुकसान झाले नाही. तेव्हा गुरुजींच्या मुलाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. हुशार मुलाला वर्षानुवर्षे त्याच इयत्तेत कंटाळत बसवणे हाही एक छळच आहे.

या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते ऑस्ट्रेलियातील टेरेन्स टाओ यांचे घर. वडील बालरोगतज्ज्ञ, आई गणित शिकवणारी. मुलाची गणितातील झेप लहानपणीच उघड झाली. पण आईवडिलांनी त्याला सगळ्याच विषयांत एकदम वर उचलले नाही. ज्या विषयात तो ज्या पातळीवर होता, त्या विषयाच्या त्या वर्गात त्याला बसवले. त्यामुळे काही काळ हा मुलगा काही तास मोठ्या मुलांबरोबर गणित शिकत होता आणि बाकीचे विषय खालच्या इयत्तेत. विद्यापीठाचे काही वर्ग तो शाळकरी वयातच करत होता, तरी पूर्णवेळ विद्यापीठात गेला तो चौदाव्या वर्षी. त्याला त्याआधीही पाठवता आले असते. १९९६ साली त्यांना प्रिन्स्टन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, चोविसाव्या वर्षी ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत पूर्ण प्राध्यापक झाले आणि २००६ साली त्यांना फील्ड्स पदक लाभले. बुद्धी त्यांची स्वतःचीच होती. पण त्या घराने वाचवलेली वर्षे मुलाच्या पदरात ठेवली, पुढच्या पदवीवर उधळली नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने विचार झालेला आहे. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच. तेथे भर आहे तो मुलांना इयत्ता गाळून पळवण्यावर नव्हे, तर त्याच वयात अधिक खोल, अधिक रुंद शिकवण्यावर. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथेही त्यांचे शैक्षणिक काम उभे राहिले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून गणित व विज्ञान ऑलिंपियाडचे काम चालते. नववी-दहावीतील मुलाला बुद्धीची भूक भागवायची असेल, तर ही वाट वय न गाळता मोकळी आहे. गुरुजींना हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही माझ्या विद्यार्थिदशेत ठाऊक नव्हते.

लवकर मिळालेल्या पदवीचा विषय निघाला, की मला मात्र आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांची घाई हौसेची नव्हती. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेले. एप्रिल १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याआधी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक त्यांची वाट पाहत होती. पण तिथल्या कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या आहारावर, सततच्या अभ्यासात शरीर खंगत गेले होते. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. तेव्हा क्षयावर औषध नव्हते, आज आहे. पण अभ्यासात गढलेल्या पोराकडे पाहताना, हे खाते किती, झोपते किती, खोकला किती दिवसांचा आहे, हे विचारायचे आपण अजूनही विसरतो.

हे विचारण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांइतके चांगले कोणी करू शकत नाही. आईवडील नोकरीत, शेतात, दुकानात असतात. आपण घरी असता. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. पहाटे चारला उठवून पाढे म्हणवून घेण्याची आपली जुनी पद्धत आता नको. जी मुले दिवसाच्या उजेडात बाहेर खेळतात त्यांच्यात चष्म्याचे प्रमाण कमी आढळते, म्हणून संध्याकाळी त्याला अंगणातून हाकलून आत अभ्यासाला बसवू नये. वयात येणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. अभ्यासात मन लागत नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या किती तरी मुली प्रत्यक्षात रक्ताने कमी असतात. आणि एक सवय मात्र कठोरपणे सोडावी: पाहुणे आले, की नातवाला बोलावून सत्तावीसचा घन विचारण्याची. त्याला टाळ्या आवडू लागल्या, की न येणारे उदाहरण तो टाळू लागतो.

मूल पूर्वी आवडीने करायचे ते टाळू लागले, पोट दुखते म्हणून वारंवार घरी थांबू लागले, चिडचिड वाढली, बरोबरीच्या मुलांत मिसळेनासे झाले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. घरूनच बोलायचे असेल, तर टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

दिवाळीनंतर गुरुजी पुन्हा आले तेव्हा नातू बरोबर होता. नांदेडचा बेत तूर्त लांबणीवर पडला होता. शाळेतील गणिताचे सर मधल्या सुट्टीनंतर त्याला नववीच्या वर्गात बसू देत होते, बाकीचे विषय सहावीतच. मी गुरुजींच्या दंडाला पट्टा बांधला तशी त्या पोराने स्टेथोस्कोप मागितला. हवा सोडताना आवाज आधी ऐकू येतो आणि मग नाहीसा का होतो, हे त्याला कळून घ्यायचे होते. दहा मिनिटे गेली. बाहेर रांग लागली होती, कोणी मराठीत तर कोणी तेलुगूत कुरकुरत होते. रक्तदाब १३८-८४ भरला. पट्टा त्यानेच सोडला.