आजी, आता तुम्ही करून दाखवा

मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन सुरू होतं, तेव्हा डॉक्टरांचं लिहिणं एका ओळीत संपतं: सकाळी इतके युनिट, रात्री इतके युनिट, जेवणाआधी. तिथून पुढचं काम सिस्टरच्या टेबलावर येतं. साठी ओलांडलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला उद्या सकाळी घरी एकटीने बाटलीतून औषध बरोबर मापाने ओढून स्वतःच्या पोटात टोचता आलं पाहिजे. तेही एक दिवस नव्हे, रोज. परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका म्हणून मी अनेक वर्षं विद्यार्थिनींना घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात जाते. माणूस कसा शिकतो, हे मला वर्गात समजलं त्याहून कितीतरी जास्त या टेबलाशी उभं राहून समजलं.

टेबलावर मोजकंच सामान असतं. इन्सुलिनची बाटली, सिरिंज, कापूस, डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायचा स्वच्छ कोरा स्पंज, वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकची बरणी आणि साखरेची वाटी. भिंतीवर चार्ट असतात. विद्यार्थिनीच्या हातात पाठाचं टाचण असतं आणि त्यात रकाने आखलेले असतात: वेळ, उद्दिष्ट, आशय, अध्यापन-अध्ययन कृती, साधनं, मूल्यमापन. नवी विद्यार्थिनी बहुधा आशयाचा रकाना भरभरून लिहिते. स्वादुपिंड कुठे असतं, इन्सुलिन काय करतं, साखर वाढली की डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांचं काय होतं, हे सगळं ती न अडखळता सांगते. आजी मान हलवतात. विद्यार्थिनी विचारते, "समजलं ना आजी?" आजी म्हणतात, "हो बाई." मूल्यमापनाच्या रकान्यात "रुग्णाला समजले" अशी नोंद होते. आजींच्या हाताने मात्र अजून सिरिंजला स्पर्शही केलेला नसतो.

शिकण्याची तीन क्षेत्रं आम्ही परिचर्येच्या अभ्यासक्रमात शिकवतो: बोधात्मक, भावात्मक आणि क्रियात्मक. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बोधात्मक उद्दिष्टांची उतरंड मांडली. आठवण्यापासून सुरू होऊन ती आकलन, उपयोजन, विश्लेषण अशी वर चढत जाते. १९६४ साली क्रॅथवोल, ब्लूम आणि मेसिया यांनी भावात्मक क्षेत्राची मांडणी केली. क्रियात्मक क्षेत्राची एक सुटसुटीत मांडणी भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी १९७० साली केली. परीक्षेत विद्यार्थिनी ही नावं घडाघडा लिहितात. रुग्णासमोर तिन्ही क्षेत्रं एकाच वेळी उभी राहतात. त्यातलं एक जरी सुटलं, तरी सुई घरी जाऊन कपाटात पडून राहते.

अनुभवी सिस्टर सुरुवात बाटलीपासून करत नाहीत. त्या स्टूल पुढे ओढतात, आजींना बसवतात आणि विचारतात, "सुई लावायची म्हटल्यावर मनात काय आलं?" उत्तरं ठरावीक असतात, पण प्रत्येकामागे घडलेली एखादी गोष्ट असते. "आता शेवट जवळ आला." "एकदा लागली की सुटत नाही." "आमच्या भावकीत एकाला सुई चालू झाली आणि वर्षभरात पाय कापला." पाय कापावा लागला तो फार दिवस वाढलेल्या साखरेमुळे. इन्सुलिन उशिरा आलं म्हणून दोष त्याच्या माथी बसला. हे आजींना समजावता येतं, पण त्याआधी ती गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी लागते. मधेच तोडून "तसं काही नसतं" म्हटलं की आजी गप्प होतात आणि शिकणं तिथेच थांबतं.

या गप्प होण्याची दखल शास्त्रानेही घेतली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग शोधण्यासाठी छातीच्या एक्स-रेची सोय लोकांच्या वस्तीपर्यंत नेली होती. तरीही अपेक्षेइतके लोक तपासणीला आले नाहीत. हॉकबाम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. त्यातून 'आरोग्यविषयक धारणांचं प्रारूप' तयार झालं. हा आजार मला होऊ शकतो का, झाला तर किती गंभीर, उपायाने खरंच फायदा होईल का आणि तो करण्यात अडचणी किती, या हिशेबावर माणूस पाऊल उचलतो. आजींचा हिशेबही हाच असतो. सुईचं दुखणं, सुनेसमोर वाटणारा संकोच, लग्नकार्यात कुठे टोचायचं हा प्रश्न, बाटलीचा खर्च, या अडचणी त्यांना आज दिसतात. डोळे आणि मूत्रपिंड वाचणार हा फायदा लांबचा असतो. म्हणून जाणती सिस्टर जवळचा फायदा आधी सांगते: "रात्री चारदा उठावं लागतं ना लघवीला? साखर उतरली की ते कमी होईल. पायातला थकवाही कमी होईल." आजी पहिल्यांदा वर बघतात.

मग हात सुरू होतात. दवे यांच्या पायऱ्या पाच: अनुकरण, सूचनेनुसार कृती, अचूकता, सुसूत्रता आणि सहजता. टेबलाशी त्या ओळीने दिसतात. सिस्टर आधी सगळी कृती एकदा न बोलता, सावकाश करून दाखवतात. दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्याचं कारण सांगत करतात. हात धुवायचे. दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळहातांत हलकेच घोळवायची, जोरात हलवायची नाही. रबरी बूच पुसायचं. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरायची आणि औषध ओढायचं. बुडबुडा आला तर सिरिंजवर टिचकी मारून तो वर आणायचा आणि परत बाटलीत सोडायचा. बेंबीपासून दोन बोटं अंतर सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, दट्ट्या पूर्ण दाबायचा, दहापर्यंत मोजायचं आणि मग सुई बाहेर काढायची. जागा चोळायची नाही.

तिसऱ्यांदा सिरिंज आजींच्या हातात जाते. सोबत मुलगा किंवा सून असेल तर तेच पुढे सरसावतात: "द्या सिस्टर, मीच देत जाईन त्यांना." त्यांनाही शिकवायचं असतंच, पण आजींच्या नंतर. पहिल्या फेरीत डिस्टिल्ड वॉटर आणि स्पंज. ओढताना आजींचा अंगठा दट्ट्यावरून घसरतो, बाटली तिरपी होते, पाण्याऐवजी हवाच जास्त येते. विद्यार्थिनीचा हात लगेच मदतीला पुढे जातो. मी तो अलगद मागे घेते. आजींचा अंगठा अडखळत अडखळतच जागा शोधतो. तो शोध दुसऱ्याच्या हाताने पुरा झाला, तर उद्या सकाळी तो पुन्हा शून्यापासून सुरू होणार.

अचूकतेच्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण इथे चूक महागात पडते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं मिळतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. चाळीसच्या बाटलीला शंभरची सिरिंज लावून वीसच्या रेघेपर्यंत औषध घेतलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट शंभरच्या औषधाला चाळीसची सिरिंज लावली, तर त्याच रेघेला जातात ५० युनिट आणि साखर जीवघेणी खाली येऊ शकते. हे गणित आजींना सांगायची गरज नसते. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा '४०' जुळतो का, एवढं त्यांना ओळखता आलं पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका नोटांवरचे आणि एस.टी.च्या तिकिटावरचे आकडे वर्षानुवर्षं ओळखत आलेल्या असतात. दहा, वीस, चाळीस त्यांना परके नसतात. माल्कम नोल्स यांनी प्रौढ शिक्षणाबद्दल हेच आग्रहाने मांडलं. प्रौढ माणूस रिकाम्या पाटीने येत नाही, अनुभवाचा साठा घेऊन येतो आणि आत्ता लागणारी गोष्ट तो सर्वांत चटकन शिकतो.

त्यानंतर येते पहिली खरी सुई. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली 'स्व-क्षमतेवरचा विश्वास' ही संकल्पना मांडली आणि तो विश्वास चार वाटांनी येतो असं सांगितलं: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी दिलेला भरवसा आणि त्या क्षणी शरीराला जाणवणारी भीती किंवा शांतता. आमच्या टेबलाशी हे चारही लागतात. बाकावर बसलेल्या, वर्षभरापासून सुई घेणाऱ्या एखाद्या मावशींना सिस्टर बोलावतात. त्या पदर सावरून म्हणतात, "मुंगी चावल्यागत वाटतं, अगं. बघ माझ्याकडं." त्यांचं हे वाक्य आमच्या सगळ्या चार्टांपेक्षा वजनदार ठरतं. आजी श्वास रोखून सुई टोचतात, दहापर्यंत मोजतात आणि बऱ्याचदा म्हणतात, "एवढंच?" त्या एका शब्दानंतर त्यांचं बसणं, बोलणं, प्रश्न विचारणं बदलतं.

पण अजून शिकवणं संपलेलं नसतं. "समजलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" हेच उत्तर असतं, कारण सिस्टरचा मान राखायचा असतो. म्हणून प्रश्न फिरवावा लागतो: "आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, ते बोलून दाखवा." यात परीक्षा शिकवणाऱ्याची होते आणि आजी मोकळेपणाने बोलतात. नंतर सिस्टर घरातले प्रसंग समोर ठेवतात. "उद्या एकादशी आहे. सुई घ्यायची?" "घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर?" आठवणं आणि उपयोजन यांतलं अंतर इथे दिसतं. जेवणाआधी सुई, हे आजींना पाठ झालेलं असतं. उपवासाच्या दिवशी रोजचाच डोस घेतला तर साखर घसरेल आणि स्वतःच्या मनाने सुई बंद केली तर ती चढेल, म्हणून उपवासाआधीच डॉक्टरांना विचारायचं, हे त्यांनी स्वतः विचार करून सांगायला हवं. थरथर झाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्यायची आणि मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे शेवटचं घरच्यांकडून वदवून घ्यायचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच टाचणात लिहिलेली नसते. आपल्या घरांतली बाई सगळ्यांची पानं वाढून शेवटी जेवते. ती स्वयंपाकाला लागताना सुई घेते, पोळ्या लाटते, मुलांना वाढते, पाहुणा आला तर त्याचं बघते आणि तासाभराने ओट्याशी तिला गरगरतं. मिश्र इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायचं, हे तिला पूर्ण ठाऊक असतं. तिच्या ज्ञानात खोट नसते. घराच्या रीतीला तिची भूक दिसत नसते. म्हणून हा धडा घरच्यांसाठी असतो. सिस्टर मुलाला समोर बसवून विचारतात, "दादा, आईने सुई घेतली की तिचं ताट कोण वाढणार?" तो गोंधळतो, मग म्हणतो, "मी वाढीन." भावात्मक क्षेत्रातलं एवढंसं पाऊल आईचा जीव वाचवू शकतं.

पुढच्या भेटीत शिकण्याचा खरा निकाल कळतो. सिस्टर आधी पोट पाहतात. एकाच जागी रोज टोचल्याने कातडीखाली गाठ झाली असेल, तर औषध नीट शोषलं जात नाही, आणि न दुखणारी जागा म्हणून रुग्ण नेमकी तीच निवडतात. बाटली उघडल्याची तारीख विचारतात. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरायची. फ्रिज नसेल तर ती डबीत बंद करून ओल्या वाळूच्या मडक्यात सावलीला ठेवायची आणि फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवायची नाही. शेवटी पुन्हा एकदा सुई घ्यायला सांगतात आणि शांतपणे बघतात. आजींचे हात आता न अडखळता चालतात, त्या बोलत बोलत बुडबुडा काढतात. बाकावर बसलेल्या नव्या बाईला त्या स्वतःहून धीर देऊ लागल्या, की भावात्मक क्षेत्रातली वरची पायरीही गाठली गेली असं मी समजते. शिकलेली गोष्ट तेव्हा त्यांची स्वतःची झालेली असते.

अर्धा तास, एक स्टूल, पाणी भरलेली सिरिंज आणि ऐकून घेणारी सिस्टर, एवढंच या कामाला लागतं. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमका तो अर्धा तासच सर्वांत आधी कापला जातो. शिकवण्याचा वेळ हा उपचाराचाच भाग मानून रुग्णालयांनी त्यासाठी वेगळी सिस्टर नेमली पाहिजे. परिचर्येच्या विद्यार्थिनींनी मूल्यमापनाच्या रकान्यात "समजले" लिहिणं बंद करून "करून दाखवले" लिहावं. आणि तुमच्या घरात कुणाला इन्सुलिन, दम्याचा पंप किंवा रोजचं कुठलंही नवं उपकरण सुरू होणार असेल, तर कागद घेऊन तसंच घरी परतू नका. तिथेच थांबा, ते उपकरण हातात मागून घ्या आणि सिस्टरसमोर एकदा स्वतः करून दाखवा.