ईदच्या ताटात शेंगदाणा-चॉकलेटच्या गोळ्या

माझी मोठी नणंद, आपा, लग्नानंतर अमेरिकेत गेल्या आणि ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात स्थायिक झाल्या. तिथं त्यांच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात. डिसेंबर उजाडला, नाताळची धांदल सुरू झाली, की या बाई पत्र्याच्या डब्यात बटर पेपर घालून चाळीस-पन्नास गोळ्या आपांकडे पाठवतात. बाहेर काळसर चॉकलेट, आत शेंगदाण्याचं बटर आणि वरच्या बाजूला चॉकलेट न लावता सोडलेला एक गोल ठिपका. दुसऱ्या बाजूनं ईदला आपांचा शिरखुर्मा त्या घरी जातो. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचं ताट येतं आणि ईदला आपलं जातं, तसाच हा व्यवहार.

या गोळीला तिथं ‘बकाय’ म्हणतात. बकाय हे ओहायोचं राज्यवृक्षाचं नाव. त्या झाडाची बी गडद तपकिरी, तुकतुकीत असते आणि तिच्यावर एक फिकट डाग असतो. हरणाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं. त्या राज्यालाच ‘बकाय स्टेट’ म्हणतात आणि तिथल्या मोठ्या विद्यापीठाच्या खेळाडूंनाही बकायच म्हणतात. गंमत म्हणजे खरी बी विषारी आहे, ती खात नाहीत. खायची ती फक्त तिच्या रूपाची ही गोळी. ओहायोत नाताळच्या दिवसांत घरोघरी ती होते.

आपांना पहिल्या वर्षी एक अडचण आली. गोळीत व्हॅनिलाचा अर्क होता आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून विकायचं तर त्यात किमान 35 टक्के अल्कोहोल असावंच लागतं. आपांनी संकोच न करता शेजारणीला सांगितलं. बाईंनी पुढच्या वर्षीपासून आपांचा डबा व्हॅनिला न घालता वेगळा केला. आपा म्हणतात, चवीत काडीचा फरक पडला नाही. आपल्याकडच्या बाटल्यांमध्ये बहुधा अल्कोहोलऐवजी दुसरा द्रव असतो, तरी लेबल वाचूनच घ्या. मी व्हॅनिला घालतच नाही, चिमूटभर वेलची घालते. चॉकलेटवरचा हिरवा ठिपका जिलेटिन किंवा प्राण्याची चरबी नाही एवढंच सांगतो. मद्याबद्दल तो काही सांगत नाही. परदेशातून कुणी खोका आणला, तर घटकांची यादी पाहायलाच हवी.

आता कृती. आम्ही कराडचे, त्यामुळे शेंगदाणा विकत आणण्याची नाही, निवडण्याची गोष्ट. पाव किलोपेक्षा थोडे जास्त दाणे घ्या आणि ताटात पसरून नीट निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, चावल्यावर कडू लागणारे दाणे फेकून द्या. इथं काटकसर नको. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्या मोठ्या संख्येनं मेल्या, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष पहिल्यांदा उघडकीला आलं. चटणीत एखादा खवट दाणा गेला तर जिभेला लगेच कळतं, साखर आणि चॉकलेटखाली कळत नाही.

निवडलेले दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवत भाजा. निवले की सालं चोळून पाखडा आणि मिक्सरला लावा. आधी कूट होतो, मग त्याचा गोळा होऊन भांड्याला चिकटतो. इथं बऱ्याच जणी तेल किंवा पाणी घालतात. घालू नका. उलथन्यानं कडा खाली ढकला, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या, पुन्हा फिरवा. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. ते सुटलं की आपोआप मऊ, चमकदार पेस्ट होते. बाजारच्या बाटलीतलं बटर घट्ट असतं, घरचं पातळ होतं, म्हणून गोळी वळायला मी दुधाची पावडर वापरते.

पाव किलो दाण्याच्या बटरला 50 ग्रॅम मऊ लोणी किंवा अमूल बटर, 180 ग्रॅम पिठीसाखर, चार चमचे दुधाची पावडर आणि थोडी वेलची. बटर खारट असेल तर मीठ नको. अमेरिकेतल्या कृतीत साखर याहून बरीच जास्त असते, आम्हाला ती घशाशी येते. मिश्रण हाताला न चिकटता वळलं पाहिजे. भेगा पडल्या तर लोणी थोडं वाढवा, चिकटलं तर दुधाची पावडर. सुपारीएवढ्या गोळ्या करा, साधारण चाळीस होतात. ताटलीत मांडून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाच्या खणात नको. फार गार गोळीवर चॉकलेट तडकतं.

चॉकलेटची निवड हा आपल्या हवेचा प्रश्न आहे. ज्यात कोको बटर असतं ते खरं चॉकलेट साधारण 32 ते 34 अंशाला वितळतं. तोंडात विरघळतं ते याचमुळे, आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या दुपारी ताटातच विरघळतं तेही याचमुळे. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते. चव उणी, पण ते उन्हाला जास्त टिकतं आणि करायला सोपं. माझा हिशेब असा आहे: शेजारीपाजारी ताटं जायची असतील तर कंपाउंड, घरात फ्रीजमधून काढून खायचं असेल तर खरं. आपांच्या शेजारीण चॉकलेटमध्ये चमचाभर खोबरेल तेल घालतात. डिसेंबरच्या ओहायोत ते चालतं, आपल्याकडे त्यानं चॉकलेट आणखी मऊ पडतं. जुन्या कृतींत तर चकाकीसाठी मेण घालायला सांगितलेलं असतं. तेही नको.

पाव किलो चॉकलेटचे बारीक तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून त्यावर कोरडं भांडं ठेवा, पाणी भांड्याला लागता कामा नये. चमचा, भांडं, हात, सगळं कोरडं हवं. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाणेदार होऊन आळतं. मग त्याचं दूध घालून गरम पेय करायचं, दुसरा इलाज नाही. कंपाउंड असेल तर सगळं वितळवून थोडं निवू द्या आणि कामाला लागा. खरं चॉकलेट असेल तर दोन भाग वितळवा, खाली उतरवा आणि राहिलेला तिसरा भाग घालून तो विरघळेपर्यंत ढवळत राहा. असं केलं तर ते चमकदार वाळतं. नाही केलं तर दुसऱ्या दिवशी वर पांढरट थर दिसतो. ती बुरशी नव्हे, चरबी वर आलेली असते. खायला हरकत नाही, ताटात मात्र शोभत नाही.

गोळीला टूथपिक टोचा, चॉकलेटमध्ये बुडवा आणि वरचा रुपयाएवढा भाग कोरडा ठेवून बाहेर काढा. निथळू द्या, बटर पेपरवर ठेवा, टूथपिक फिरवून काढा आणि भोक बोटानं बुजवा. हा कोरडा भाग म्हणजेच डोळा. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतात. आमच्याकडे चार दिवसही राहत नाहीत, कारण रात्री अकराला फ्रीजचं दार वाजतं. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, गोळ्यांना घाम सुटतो. हिशेब केला तर एका गोळीत साधारण 95 कॅलरी आणि दीड चमच्याच्या आसपास साखर येते. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना अर्धी देते, तीही जेवणानंतर.

हा डोळा मी एका वर्षी झाकला होता. 2024 ची ईद, 11 एप्रिल. रोजे, पाहुणे, कपडे, शिरखुर्म्याचा सुकामेवा, आणि टूथपिकनं चाळीस डोळे राखायचा कंटाळा आला. काट्यावर घेऊन गोळ्या पूर्ण बुडवल्या. छान दिसत होत्या, दुकानातल्यासारख्या. सोनेरी कागदात गुंडाळून ताटात ठेवल्या आणि शेजारच्या बिऱ्हाडात पाठवल्या. ते कुटुंब नवीन राहायला आलं होतं. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठतात हे त्याच्या आईला माहीत होतं, मला नव्हतं. ताट आलं तेव्हा आई आत होती. मुलानं चॉकलेट समजून एक तोंडात टाकली.

पंधरा मिनिटांत ओठ सुजले, उलटी झाली, खोकल्याची उबळ थांबेना आणि श्वास लागला. त्याचे वडील घरी नव्हते, माझ्या मिस्टरांनी गाडी काढली. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी तिथं जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. शेंगदाणा, काजू, अंडं, दूध असं काही खाल्ल्यावर गांधी, ओठ-जिभेची सूज, उलट्या आणि धाप यांतली लक्षणं एकत्र दिसली, तर हळद-दूध, सोडा, मलम यांत मिनिटं घालवायची नाहीत, थेट दवाखाना गाठायचा. मागच्या वेळी फक्त अंगावर गांधी उठल्या म्हणून याही वेळी तेवढंच होईल, असं धरून चालत नाही.

शेजारणीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या ईदला मी कुणाच्या घरी गेले नाही.

तेव्हापासून डोळा उघडाच राहतो. ताटावर चिठ्ठी जाते, ‘आत शेंगदाणा आहे’, आणि ताट मुलाच्या हातात नाही, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात जातं. नव्या बिऱ्हाडाला आधी विचारते, कुणाला काही वर्ज्य आहे का. यात लाजण्यासारखं काही नाही, आपांनीही व्हॅनिलाचं विचारलंच होतं.

त्या मुलासाठी मी खोबऱ्याच्या गोळ्या करते. त्याच्या आईला विचारून, खोबरं त्याला चालतं याची खात्री करून. त्या आधी होतात, स्वयंपाकघरात शेंगदाणा यायच्या आदल्या दिवशी. मिक्सरचं भांडं वेगळं, परात वेगळी, चॉकलेटचं पाकीटही शेंगदाण्याचा अंश असू शकतो असं न लिहिलेलं शोधून आणते. दोन दुकानं फिरावं लागतं. सुकं खोबरं किसून, दुधाची पावडर, पिठीसाखर आणि लोणी, बाकी सगळं तसंच.

2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 ला ईद. संध्याकाळी तो मुलगा स्वतः आमचं ताट परत घेऊन आला. ताटात गुढीची साखरेची गाठी होती. दारातच उभं राहून त्यानं विचारलं, “काकू, माझ्या गोळीला डोळा का नाही?” मी म्हटलं, तुझी वेगळी आहे. “मग पुढच्या वर्षी मला पण डोळा ठेवा,” असं सांगून तो जिना उतरून गेला.