बोली जिंकली, आणि मग वरचे पैसे मागितले

या महिन्यात दोन गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. मोबाईलवरच्या लिलावात वस्तू आपल्या नावावर निघाली आणि मग विकणाऱ्याने वरचे पैसे मागितले, तर ते द्यायचे का? हे आमच्याही गटाबरोबर घडले आहे. म्हणून आज कायदा थोडा आणि अनुभव जास्त सांगतो.

आमच्या पापड-मसाल्याच्या गटाला माल बाजाराला न्यायला टेम्पो हवा होता. नवीन परवडत नव्हता. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्या ज्या गाड्या ओढून नेतात, त्यांचा लिलाव हल्ली मोबाईलवर होतो. आम्ही यार्डात जाऊन गाडी पाहिली, 10,000 रुपये अनामत भरली आणि 1,85,000 ची बोली लावली. गाडी आमच्या नावावर निघाली. गटाकडे अनामत धरून 2,15,000 होते. उरलेल्या तीस हजारांत विमा, आरटीओ आणि दोन टायर बसवायचे, असा हिशेब होता. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद.

दुसऱ्या दिवशी फोन आला. लिलावाची फी 4 टक्के, म्हणजे 7,400. त्या फीवर 18 टक्के जीएसटी, 1,332. यार्डाचे पार्किंग रोज 150 प्रमाणे 40 दिवसांचे 6,000. कागदपत्रांचे 3,500. सगळे मिळून 18,232 रुपये. पाच दिवसांत भरा, नाहीतर अनामत जप्त.

बैठकीत दोन मते पडली. काही जणी म्हणाल्या, दहा हजार बुडाले तर बुडाले, सोडा गाडी. काही म्हणाल्या, भरून टाका, नाहीतर हातची जाईल. आज मागे पाहिले तर दोन्ही घाईचे होते. सचिव ताईंनी मात्र फोनवर एकच वाक्य सांगितले: "हे सगळे लिहून पाठवा, आणि प्रत्येक रकमेपुढे कुठल्या अटीप्रमाणे ते लिहा."

खरी गोष्ट इथूनच सुरू झाली. बोली लावताना आपण ज्या चौकोनात बरोबरची खूण करतो ना, 'अटी मान्य', त्या अटी इंग्रजीत नऊ पानांच्या होत्या. आम्ही एकीनेही वाचल्या नव्हत्या. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीला बसवून त्या वाचून घेतल्या. 4 टक्के फी आणि तिच्यावरचा जीएसटी अट 11 मध्ये स्पष्ट लिहिलेला होता. ते आपण मान्य केलेले, म्हणजे देणे भाग होते. पार्किंगचे वेगळेच निघाले. पैसे भरायची मुदत संपल्यावरही गाडी नेली नाही, तर त्या दिवसापासून खरेदीदाराने पार्किंग द्यायचे, असे लिहिले होते. आधीचे 40 दिवस आमचे नव्हतेच. कागदपत्रांचे 3,500 तर कुठल्याच पानावर नव्हते. शिवाय पार्किंगचे पैसे यार्डातल्या एका माणसाच्या स्वतःच्या फोनपे नंबरवर मागितले होते.

आम्ही काय केले ते नीट ऐका, कारण मुदत चालू असते आणि भांडणात ती निघून गेली तर अनामत खरोखर जाते. गाडीची उरलेली रक्कम आणि अट 11 प्रमाणेची फी मुदतीच्या आत, ज्या खात्यावर अनामत भरली होती त्याच कंपनीच्या खात्यावर भरली. बाकीच्या 9,500 बद्दल ईमेल केला: ही रक्कम अटींत दिसत नाही, कोणत्या अटीखाली मागता ते कळवा. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी उत्तर आले की ती मागणी सोडली आहे. वरचे 8,732 गेले, 9,500 वाचले. गाडी अडवून ठेवली असती तर आम्ही हरकत लिहून, पावती घेऊन पैसे भरले असते आणि मग तक्रार केली असती.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, नंबर 1915. मराठीत बोलता येते. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की विकणाऱ्याने सगळे आकार धरून एकूण किंमत आणि तिची फोड दाखवायला हवी. आधी कमी किंमत दाखवायची आणि शेवटी एकेक आकार पुढे करायचा, याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ती फसवी पद्धत ठरवली आहे. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूसाठी तिथे फी नाही. फक्त एक लक्षात ठेवा: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, मोठ्या व्यापारासाठी घेतली असेल तर समोरचा तिथेच अडवू शकतो.

आता बोली लावायच्या आधीचे. कांद्याच्या लिलावात भाव पुकारला जातो एक आणि हातात पट्टी पडते दुसरीच, हमाली-तोलाई वजा होऊन. इथे उलटे आहे, बोलीवर चढत जाते. म्हणून हिशेब खालून वर करायचा. आमच्याकडे 2,15,000 होते ना? त्यातून विमा, आरटीओ, टायर यांचे तीस हजार आधी बाजूला काढायचे होते. राहिले 1,85,000. फी आणि तिचा जीएसटी मिळून बोलीवर 4.72 टक्के होतात. म्हणजे आमची शेवटची बोली 1,76,000 च्या आसपास थांबायला हवी होती. टायर शेवटी उसन्या पैशांत घातले, खोटे कशाला बोलू.

गाडी असेल तर परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून जुनी ई-चलने आणि राहिलेला कर बघा, आणि ते कोण भरणार हे बोलीआधी लिहून मागा. बँकेच्या लिलावात गाळा किंवा घर घेत असाल तर जाहिरातीत 'जसे आहे, जिथे आहे' हे शब्द असतात. ते हलके घेऊ नका. जुन्या मालकाची वीज थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपनी घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितले आहे. घरपट्टीचेही ग्रामपंचायतीत विचारून या.

आणि ज्या लिलावात तुम्ही बोलीच लावली नाही, त्यातली गाडी 'जिंकली' म्हणून कोणी फी मागत असेल, तर तो फसवणारा आहे. पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि लवकर कळवले तर रक्कम पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

टेम्पो आता दर गुरुवारी बाजाराला जातो. अट 11 चा मराठी कागद गटाच्या रजिस्टरमध्ये लावून ठेवला आहे. कोणाला पाहायचा असेल तर बैठकीच्या दिवशी या.