आमदारांचे मत आणि आपण

विधानसभेच्या निवडणुकीत आपण साधारणतः पाच वर्षांतून एकदा मत देतो. आपण निवडून दिलेला आमदार मात्र प्रत्येक अधिवेशनात आपल्या वतीने मत देत असतो. कर किती असावा, विद्यापीठांवर अधिकार कोणाचा, दुष्काळात हाताला काम मिळावे की नाही, हे त्या मतांवर ठरते. तेव्हा ते मत कसे पडते, हे पनवेलकरांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम नियम पाहू. विधानसभेत २८८ सभासद आहेत. कामकाजासाठी त्यांपैकी एकदशांश, म्हणजे २९, हजर असले की पुरे. आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत हाच निर्णय. म्हणजे २९ जणांनीच मत दिले, तर १५ जणांच्या होकाराने साऱ्या महाराष्ट्राला लागू होणारे विधेयक संमत होऊ शकते. तेही बहुधा आवाजी मतदानाने. अध्यक्ष प्रश्न मतास टाकतात. कोणी ‘होय’ म्हणतो, कोणी ‘नाही’. आणि बहुमत कोणाचे ते अध्यक्ष जाहीर करतात. मतविभागणी झाली तरच कोण कोणत्या बाजूस होता, याची नोंद राहते.

विधान परिषदेचे काय? कोकणातील पदवीधर व शिक्षक तेथेही आपले प्रतिनिधी पाठवितात. पण कराचे धनविधेयक परिषदेला १४ दिवसांत परत करावे लागते. ते तिला अडविता येत नाही. शिक्षणाचे साधे विधेयक ती काही महिने लांबवू शकते, इतकेच.

दुसरे बंधन पक्षाचे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मत देण्याचे टाळले, आणि पक्षाने १५ दिवसांत क्षमा केली नाही, तर सभासदत्व जाऊ शकते. फितुरीला आळा घालण्यासाठी केलेली ही तरतूद साध्या विधेयकांनाही लागू पडते. बोलण्यास मात्र आमदार मोकळा असतो. म्हणून त्याच्या मतापेक्षा त्याचे भाषण पुष्कळदा अधिक बोलके ठरते.

आता उदाहरणे घेऊ. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली एकमताने संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर बसविला होता, आणि त्या वसुलीइतकीच भर सरकारने घालावयाची होती. शहरातील नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्याचे मूळ हे. शहराने कर द्यावा आणि खेड्याला काम मिळावे, या गोष्टीला सर्व पक्षांनी होकार दिला, हे आपल्या विधिमंडळाचे भूषण होय.

याच्या उलट डिसेंबर २०२१ मधील विद्यापीठ कायदा दुरुस्तीचे विधेयक. कुलगुरूंच्या नेमणुकीतील राज्यपालांच्या अधिकाराला हात घालणारे हे विधेयक गोंधळातच आवाजी मतदानाने संमत झाले. पुढे सरकार बदलल्यावर ते मागे घेण्याचा निर्णय झाला. शिक्षणासारख्या दीर्घ पल्ल्याच्या विषयाला अशी घाई मानवत नाही. २०१७ सालच्या वस्तू व सेवा कराने तर कराचा मोठा भाग मुंबईच्या सभागृहातून दिल्लीच्या परिषदेकडे नेला. तेथे केंद्राच्या मताला एकतृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोनतृतीयांश वजन आहे; निर्णयास तीनचतुर्थांश लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काही होत नाही.

मग आपण काय करावे? विधिमंडळाची कार्यवाही छापली जाते. ती वाचता येते. ‘रस्ता केव्हा होणार?’ हे आमदारांना आपण विचारतोच, आणि विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला ‘त्या विधेयकाच्या वेळी आपण हजर होता काय? काय बोललात? मतविभागणी मागितलीत काय?’ असेही विचारावे. आवाजी मतदानात आमदाराचे नाव हरवते. ते शोधून काढण्याचे काम मतदाराचे आहे, असे आम्हांस वाटते.