पहिले तीन महिने
पाळी जाताना : लेखांक ६

हार्मोनच्या औषधाची चिठ्ठी हातात पडली की बहुतेक बायका ती घडी घालून पर्समध्ये ठेवतात. मग बहिणीला फोन होतो, नात्यात कुणी नर्स असेल तर तिला विचारलं जातं, सासूबाईंच्या कानावर जातं. त्या म्हणतात, "आमची पाळी गेली तेव्हा आम्हाला कुठे काय लागलं?" आणि शेवटी कुणीतरी हमखास सांगतं, "अगं, त्यानं कॅन्सर होतो." चिठ्ठी पर्समध्येच राहते. ज्या धीर करून औषध आणतात, त्यांच्यापैकीही कितीतरीजणी महिना-दीड महिन्यात ते सोडतात. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून हे पाहत आले आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. औषध लागू पडत नाही म्हणून सोडणाऱ्या थोड्या असतात. पहिल्या तीन महिन्यांत काय होणार हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं म्हणून सोडणाऱ्या जास्त.

गेल्या आठवड्यात अंगातून वाफा का येतात, झोप का मोडते हे आपण पाहिलं. आज उपचार सुरू केल्यावरच्या अनुभवांबद्दल लिहिते. पण त्याआधी त्या भीतीबद्दल बोलायला हवं, कारण ती निराधार नाही आणि जशी सांगितली जाते तशीही नाही.

ही भीती आली जुलै २००२ मध्ये. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या नावाने एक फार मोठी चाचणी चालू होती. तिच्या एका भागात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका होत्या. साधारण निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषधाच्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवला गेला. बातमी जगभर पोचली. लक्षावधी बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरांनीही लिहून देणं सोडलं.

बातमीच्या मथळ्यात जे मावलं नाही ते असं. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गोळीतलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेलं होतं आणि जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध होतं. वाढ किती होती? बिनऔषधाच्या गटात दर वर्षी १०,००० बायकांमागे ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. आठ जास्त. हे आठ ज्यांच्या घरातले असतील त्यांच्यासाठी तो आकडा लहान नाही, म्हणून मी तो कधी झाकत नाही. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या होत्या. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं होतं. चाचणीच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या बायका होत्या, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तिथेही पक्षाघाताचं प्रमाण वाढलं आणि २००४ मध्ये तोही भाग थांबला, पण स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढला नव्हता. ही गोष्ट पहिल्या बातमीइतकी कुणापर्यंत पोचलीच नाही.

पुढच्या वर्षांत हीच आकडेवारी वयानुसार पुन्हा तपासली गेली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत उपचार सुरू केले आणि इतर काही धोका नसला, तर त्रासाच्या मानाने फायदा जास्त, असं आज बहुतेक वैद्यकीय संस्था मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे चौकटीतले ठळक इशारे काढायचं ठरवलं. म्हणून ते प्रत्येकीने घ्यावं असं मात्र मुळीच नाही. तारुण्य टिकवायला, सुरकुत्या घालवायला, विसरभोळेपणा टाळायला हे औषध नाही. ज्या बाईचं रोजचं जगणं वाफांनी, मोडलेल्या झोपेने, चिडचिडीने विस्कटलं आहे, तिच्यासाठी ते आहे.

अशीच एक शाळेतली बाई. वय ४७, पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. माझ्याकडे येण्याआधी छातीत धडधडतं म्हणून तिने ईसीजी काढला होता, खांदा धरतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती, थायरॉइड दोनदा तपासलं होतं. सगळं नॉर्मल. तिला सर्वांत जास्त घाबरवलं होतं ते वर्गातल्या एका प्रसंगाने. वर्षभर शिकवलेल्या मुलीचं नाव तिला हजेरीपट पाहिल्याशिवाय आठवेना. "मॅडम, मला वेड लागत नाहीये ना?" हा तिचा पहिला प्रश्न होता. रात्री दोन-अडीचला घामाने जाग यायची, गाऊन बदलून ती हॉलमध्ये पंख्याखाली बसायची आणि सकाळी सातला शाळेत उभी.

तिच्या हार्मोनच्या तपासण्या मी केल्या नाहीत. पंचेचाळिशीनंतर लक्षणं आणि पाळीचं वेळापत्रक पुरेसं बोलकं असतं. या काळात रक्तातली पातळी आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरीच, त्यामुळे एका सकाळच्या रिपोर्टवरून काही ठरत नाही. महागडी हार्मोन पॅकेजेस घेऊन येणाऱ्या बायकांचे पैसे वाया गेलेले पाहून वाईट वाटतं. त्यापेक्षा रक्तदाब, हिमोग्लोबिन, स्तनांची तपासणी, वयानुसार मॅमोग्राफी आणि अंगावरून जास्त जात असेल तर सोनोग्राफी, या गोष्टी आधी व्हायला हव्यात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल, तर हा रस्ता धरायचा नाही. अशा बायकांसाठी दुसरे उपाय आहेत, त्यांवर स्वतंत्र लेख येईल.

या शिक्षिकेला इस्ट्राडिओलचं जेल दिलं. गोळी पोटातून यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन ही वाट टाळतं, म्हणून गुठळ्यांचा धोका फारसा वाढत नाही. जेल लावायची पद्धत साधी आहे, पण ती सांगावी लागते. आंघोळ करून, अंग कोरडं करून दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं. छातीवर कधीही नाही. चोळून जिरवायचं नाही, पाच मिनिटं तसंच वाळू द्यायचं आणि मग कपडे घालायचे. तासभर तिथे पाणी लावायचं नाही. हात साबणाने धुवायचे. घरात नातवंडं किंवा लहान भाचरं अंगाखांद्यावर खेळत असतील तर ती जागा झाकलेली हवी, कारण औषध त्यांच्या कातडीतूनही जाऊ शकतं. आमच्याकडच्या भरल्या घरांत हे सांगायला विसरून चालत नाही.

जोडीला प्रोजेस्टेरॉन. ज्यांचं गर्भाशय जागेवर आहे त्यांना नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं की त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवर घालतं. या बाईची पाळी अजून अधूनमधून येत होती, म्हणून दर महिन्याला बारा दिवस रात्री झोपताना एक कॅप्सूल. रात्रीच का? ती घेतली की गुंगी येते. सकाळी घेतली तर फळ्यासमोर उभं राहणं कठीण. रात्री घेतली तर तीच गुंगी उपयोगाची.

पहिला आठवडा काहीच घडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात स्तन जड झाले, दुखू लागले. तिने फोन केला, मी धीर दिला. वाफा कमी झाल्याचं तिसऱ्या आठवड्यात तिच्याआधी तिच्या मुलीच्या लक्षात आलं, कारण आई जेवताना पंखा वाढवायला सांगेनाशी झाली होती. मग कॅप्सूल संपल्यावर अंगावरून गेलं आणि मध्येच एकदा डाग दिसला. ती तडक दवाखान्यात आली, औषध बंद करायचं असं ठरवूनच. ज्या बाईला वर्षानुवर्षं "रक्त दिसलं की कॅन्सर" हेच ऐकवलं गेलंय, तिने घाबरू नये तर काय करावं? बारा दिवसांची कॅप्सूल संपल्यावर पाळीसारखा स्राव होणं अपेक्षित असतं आणि पहिले तीन महिने अधेमधे डाग दिसू शकतो, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण लिहून दिलं नव्हतं असं ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. ऐकलेलं त्या क्षणी कानावरून जातं. आता मी ते प्रत्येकीला चिठ्ठीच्या मागे लिहून देते. तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत किंवा पुन्हा नव्याने सुरू झाले, तर तपासणी करायलाच हवी, हेही त्याच ओळीत.

अडीच महिन्यांनी ती सलग सहा तास झोपू लागली. धडधड थांबली. खांदा पूर्ण सुटला नाही, त्याला व्यायामच लागला. नावं आठवू लागली का? "आठवतात," ती म्हणाली, "किंवा नाही आठवलं तरी मी आता रडत नाही." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. झोप सुधारल्याने किती आणि हार्मोनने किती, हे वेगळं काढता येत नाही आणि तसा दावाही कुणी करू नये.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहीजणींना प्रोजेस्टेरॉन सोसत नाही. महिन्याचे ते दहा-बारा दिवस मन उदास, पोट फुगलेलं, नवरा-मुलांवर आगपाखड. "औषधाच्या आधी वाफा होत्या, आता डोकं फिरतंय," असं एकीने सांगितलं. अशा वेळी प्रकार बदलता येतो, वेळापत्रक बदलता येतं किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी वापरता येते. ती अस्तर पातळ ठेवते, शरीरभर तिचा परिणाम थोडाच होतो. पाळी जाताना ज्यांना अंगावरून भरपूर जातं त्यांना तिचा दुहेरी लाभ होतो आणि गर्भनिरोधनही होतं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जेल आणि कॅप्सूल यांनी गर्भधारणा टळत नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत अशा समजुतीत असलेल्या बायका मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही गोंधळून आलेल्या पाहिल्या आहेत.

आणखी काहीजणींना मात्रा कमी पडते. महिनाभरात फरक नाही म्हणून त्या औषधालाच दोष देतात, पण मात्रा हळूहळू वाढवायचीच असते. म्हणून पहिली भेट तीन महिन्यांनी ठेवतात, पुढे वर्षातून एकदा. पाच वर्षं झाली की बंद, असा ठरावीक नियम आज नाही. एकत्र औषधांत जितकी वर्षं जास्त तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा चढत जातो, हे धरून दर वर्षी दोघींनी मिळून ठरवायचं.

घरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला फुली मारायची सवय आपल्या बायकांना आहेच. औषध सुरू केलं की त्याच चौकोनात आणखी दोन गोष्टी लिहा: रात्री किती वेळा घामाने जाग आली आणि डाग कधी दिसला. तीन महिन्यांनी ती पानं डॉक्टरांसमोर ठेवा. एका पोटरीला अचानक सूज येऊन दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं किंवा बोलताना जीभ जड झाली तर मात्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं त्या बायका. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आपल्याकडे त्याहून कितीतरी आधी, तिशी-पस्तिशीत 'पिशवी काढलेल्या' बायका गावोगाव आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण गाजलं, सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिकजणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. चर्चा झाली ती शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण शस्त्रक्रियेनंतर या बायकांच्या शरीराचं काय झालं हे क्वचितच कुणी विचारलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली की हार्मोन हळूहळू उतरत नाहीत, दोन-चार दिवसांत संपतात. वाफा, मोडलेली झोप, कोरडेपणा आणि पुढे ठिसूळ हाडं घेऊन ती बाई पुन्हा मोळ्या वाहायला जाते.

चाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोन द्यावेत, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पिशवीही काढलेली असेल तर तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, म्हणजे तिचा उपचार सर्वांत सोपा आणि स्तनाच्या कर्करोगाच्या भीतीपासून सर्वांत दूरचा. ज्यांना गरज सर्वाधिक आहे त्यांच्याच हातात ही चिठ्ठी पडत नाही, हा मी आमच्या व्यवसायाचा दोष मानते.

तुमच्या घरात, शेजारी, कामावर लहान वयात पिशवी काढलेली कुणी असेल, तर तिला दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेलं कार्ड शोधायला सांगा. त्यावर अंडाशयं काढली की ठेवली हे लिहिलेलं असतं. काढली असतील तर ते कार्ड घेऊन तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा. ठेवली असतील तरीही तिला दाखवायला सांगा, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर अंडाशयांचं काम पुष्कळदा वेळेआधी थांबतं आणि पाळी येत नसल्याने ते कळतही नाही.

पुढच्या आठवड्यात : हाडांची झीज.