अंडी उबविणे : एक घरगुती पंचनामा

गाईचे वेत, बैलाचे दात व गावाची पैसेवारी ज्यास तोंडपाठ असते, त्या शेतकऱ्यास, "तुमच्या कोंबडीखाली अंडी किती ठेविली होती व पिल्ले किती निघाली?" असे विचारले असता तो घरात डोकावून पाहतो. कोंबड्यांचा कारभार बायकांकडे. त्यात पुरुषाने लक्ष घालणे कमीपणाचे, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे. आमचीही होती. महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी करून आम्ही सेवानिवृत्त झालो व माण तालुक्यातील आमच्या गावी येऊन राहिलो, तेव्हा ह्या विषयाचे आम्हांस काडीचेही ज्ञान नव्हते. जे थोडे आले ते सत्तावीस अंडी वाया घालवून आले. ती हकीकत सभासद बंधूंस उपयोगी पडावी, ह्या हेतूने येथे देत आहो.

पहिली खेप

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वैशाखात आम्ही विजेवर चालणारी एक लहान उबवणपेटी विकत आणिली. पेटीस पंखा होता, ऊब आपोआप राखणारी कळ होती, आणि सोबत एक माहितीपत्रक होते. ते आम्ही नीट वाचिले नाही. घरची व शेजारची मिळून ३६ अंडी गोळा केली. त्यांतील काही पंधरा दिवस चुलीशेजारच्या फडताळात पडून होती. पेटी ओसरीवर मांडिली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावी.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या मातोश्रींनी आपली एक खुडूक कोंबडी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ११ अंड्यांवर बसविली. आम्ही मनातल्या मनात हसलो.

एकविसाव्या दिवशी मातोश्रींच्या पाटीतून ९ पिल्ले निघाली. आमच्या पेटीतून बाविसाव्या दिवसाअखेर निघाली तीही ९ च. परंतु त्यांची ११ मधून, आणि आमची ३६ मधून! शेवटच्या तीन दिवसांत गावातील जो येई त्यास आम्ही झाकण उघडून दाखवीत होतो. एका पिल्लाने कवचास टवका पाडिला, पण रात्र उलटली तरी ते बाहेर येईना. आम्हांस दया आली व आम्ही नखाने कवच सोलू लागलो. पापुद्र्यातून रक्त आले, आणि तासाभरात ते पिल्लू आमच्या तळहातावरच गेले. मातोश्री उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "कोंबडी कधी अंडं सोलती का रं?"

गारपिटीने झोडपलेल्या शेतांचे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले होते. स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानीचा पंचनामा लिहिण्याची पाळी मात्र प्रथमच आली. उरलेली २७ अंडी उकिरड्यावर न टाकता आम्ही परसात एकेक करून फोडिली व आत जे दिसले ते वहीत उतरविले. ८ अंडी निव्वळ होती, म्हणजे त्यांत जीव धरल्याची काहीच खूण नव्हती. ४ अंड्यांत रक्ताचे वलय होऊन वाढ थांबलेली होती. राहिलेल्या १५ अंड्यांत पूर्ण वाढलेली, पिसे आलेली पिल्ले मेलेली होती. हा शेवटचा आकडा लिहिताना हात अडखळला. ही तिन्ही कलमे निरनिराळ्या चुकांची आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करणे इष्ट.

कलम पहिले : निव्वळ अंडी

ज्या अंड्यात बीज नाही ते कोणत्याही उबेने फुटावयाचे नाही. चौकशीअंती असे निघाले, की ज्या शेजाऱ्याकडून आम्ही अंडी आणिली, त्याचा कोंबडा जत्रेच्या पाहुणचारात तीन आठवड्यांपूर्वीच कामी आला होता. कोंबडा दूर झाल्यावर साधारण दहा दिवसांपर्यंतची अंडी बहुधा सफळ असतात. पुढे भरवसा धरता येत नाही. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा कळपात असावा. तो नवा आणिल्यास आठवडाभर थांबून मग अंडी जमविण्यास आरंभ करावा. दुकानातील पांढरी अंडी पिंजऱ्यातील कोंबड्यांची असून तेथे कोंबडा नसतोच. ती उबविण्याचा खटाटोप मुलांनीही करू नये.

उबविण्याकरिता मध्यम आकाराचे, नेहमीच्या घाटाचे व अभंग कवचाचे अंडे निवडावे. फार मोठे, फार लहान, लांबट किंवा खरबरीत अंडे बाजूस ठेवावे. मळके अंडे धुऊ नये. धुण्याने कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो व रोगजंतूंस वाट मिळते. फार मळके असल्यास ते खाण्याकडेच लावावे.

कलम दुसरे : रक्ताचे वलय

येथे दोष साठवणीचा. अंडे घातले जाते तेव्हाच त्यातील जीवाची वाढ सुरू झालेली असते. अंडे निवाले की ती थांबते. सुमारे २० अंश सेंटिग्रेडच्या वर ते राहिल्यास ती अर्धवट पुन्हा चालू होते व जीव दुबळा होऊन पुढे मरतो. वैशाखात चुलीजवळचे फडताळ म्हणजे अंड्यास भट्टीच. मातोश्रींची रीत निराळी होती. परसातील सावलीत ओल्या वाळूत एक मडके गळ्यापर्यंत पुरलेले असे. आत कोरडे गवत, त्यावर निमुळते टोक खाली करून अंडी, व तोंडावर फडके. वाळूवर त्या सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपीत. आठ दिवसांपेक्षा जुने अंडे त्या कोंबडीखाली ठेवीत नसत. ह्या रीतीचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही व आम्ही कधी विचारिले नाही.

निव्वळ व मेलेली अंडी शेवटपर्यंत ठेवण्याचेही कारण नाही. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्यास रुपयाएवढे भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी व अंडे भोकाशी लावून पाहावे. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा व मध्ये काळसर ठिपका दिसल्यास जीव आहे. सर्वत्र स्वच्छ उजेड दिसल्यास अंडे निव्वळ. तांबडे वलय दिसल्यास जीव गेलेला. अशी अंडी काढून टाकावी, नाहीतर ती नासून फुटतात व सर्व खेप बिघडवितात. चौदाव्या रात्री हीच तपासणी पुन्हा करावी.

कलम तिसरे : भरलेली मेलेली पिल्ले

हे कलम सर्वांत मोठे, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी आमची.

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश ऊब हवी. बिनपंख्याच्या पेटीत उष्णमापक अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ठेवून सुमारे अंशभर अधिक राखावी. थोड्या वेळाचा गारवा अंडे सोसते, उष्णता मात्र सोसत नाही. ४० अंशांच्या वर काही तास गेले तरी घात होतो. आमची ओसरी वैशाखात दुपारी स्वतःच तेवढी तापत होती. पेटी ऊब देते, थंडावा देऊ शकत नाही, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. पेटीची जागा माजघरातच.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पहिले अठरा दिवस हवेतील ओलावा शेकडा ५० च्या आसपास व शेवटचे तीन दिवस शेकडा ६५ ते ७० असावा. आमच्यासारख्या कोरड्या मुलखात पेटीतील पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा पाहावे लागते. ताजव्याने ह्याची पडताळणी होते : अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन शेकडा १२ ते १३ ने घटावे, म्हणजे १० अंडी ५०० ग्रॅम असतील तर ती ४४० च्या जवळ यावी. घट अधिक झाल्यास ओलावा कमी पडला, घट अल्प झाल्यास ओलावा फार झाला, असे समजावे.

तिसरी गोष्ट अंडी फिरविण्याची. न फिरविल्यास आतील जीव पापुद्र्यास चिकटतो. अंड्याच्या एका अंगास फुली व दुसऱ्या अंगास शून्य शिसपेन्सिलीने काढावे, व दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावे. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा दीर्घ वेळ रोज एकाच अंगावर जाऊ नये. कोंबडी हे काम चोचीने अनेकदा करीत असते.

अठराव्या दिवशी फिरविणे बंद करावे, पाणी भरावे, आणि झाकण लावावे ते पिल्ले निघून सुकेपर्यंत उघडू नये. ह्या तीन दिवसांत आत काय चालते ते समजल्यास हात आपोआप आवरतो. पिल्लू प्रथम आतल्या पापुद्र्यातून चोच काढून हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेते. मग कवचास टवका पाडिते व विसावा घेते. तो विसावा बारा तासांचा, कधी दिवसभराचाही असतो. त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जातो व पापुद्र्यातील शिरांचे रक्त अंगात परत येते. आपण कवच सोलितो तेव्हा ह्या जिवंत शिरा तोडितो. आणि झाकण उघडिले की ओली हवा निघून जाते, पापुद्रा चामड्यासारखा वाळून पिल्लास आवळतो, व ते आतल्या आत गुदमरते. आमची काही पिल्ले उष्णतेने गेली असतील. काही मात्र आमच्या कौतुकानेच गेली, ह्यात संशय नाही.

वीज गेल्यास पेटी गोधडीने लपेटावी, हवेची भोके मोकळी ठेवावी, व आत डोकावू नये. दोन-तीन तासांच्या खंडाने खेप बुडत नाही. फार तर पिल्ले उशिरा निघतात.

कोंबडी की पेटी?

ज्यास वर्षात दोन-तीन खेपाच घ्यावयाच्या आहेत त्यास खुडूक गावरान कोंबडी पुरेशी आहे. उथळ पाटीत मातीचा थर, त्यावर पेंढा, व पिसवा-उवा होऊ नयेत म्हणून थोडी राख व कडुनिंबाचा पाला घालावा. एक-दोन दिवस खोटी अंडी देऊन तिची बैठक पारखावी व संध्याकाळी खरी अंडी ठेवावी. दहा-बारांहून अधिक नकोत. रोज एकदा ती उठेल तेव्हा दाणा, पाणी व लोळण्यास राख जवळ असावी. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसविल्यास तपासणीनंतर उरलेली अंडी एकीखाली आणिता येतात.

परंतु कोंबडी बसली की तिची अंडी बंद होतात, आणि पिल्ले वाढवीपर्यंत दोन-अडीच महिने जातात. सुधारित जातींच्या कोंबड्या तर बहुधा खुडूक होतच नाहीत. ज्यास अधिक पिल्ले हवी त्याने पेटी अवश्य घ्यावी, किंवा पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांकडे चौकशी करावी. मात्र पेटी घेतली म्हणजे कोंबडीची कामे संपली असे नव्हे. ती आपल्या अंगावर आली.

पिल्ले निघाल्यावर

पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस निभावते, म्हणून घाई नसावी. पूर्ण सुकल्यावर त्यांस प्रथम पाणी, मग बारीक कण्या किंवा मक्याचा भरडा द्यावा. पेटीतील पिल्लांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्यास तीन अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करून ओरडू लागली तर थंडी आहे. दूर पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे. घार, कावळा, मांजर व मुंगूस ह्यांपासून डालग्याखाली जपावे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत म्हणजे मानमोडीची लासोटा लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने डोळ्यात किंवा नाकात टाकून घ्यावी. ही लस चुकविल्यास उबविण्याचे सर्व श्रम एका साथीत व्यर्थ जातात.

दुसरी खेप व नोंदवही

दुसरी खेप आम्ही कार्तिकात घेतली. पेटी तीच, अंडीही ३६ च. ती सर्व घरची व आठ दिवसांच्या आतली होती आणि मातोश्रींच्या मडक्यातून काढिलेली होती. सातव्या रात्री ५ निव्वळ म्हणून काढिली. अठराव्या दिवशी झाकण लाविले व त्यावर एक फडके टाकिले, म्हणजे आमचीच नजर जाऊ नये. विसाव्या रात्री आतून किलबिल ऐकू येऊ लागली, तेव्हा तेथे बसवेना म्हणून आम्ही देवळात जाऊन बसलो. बाविसाव्या दिवशी सकाळी झाकण उघडिले तो २७ पिल्ले उभी होती. न फुटलेली ४ अंडी फोडून त्यांची नोंद केली.

सभासद बंधूंस आमची विनंती एवढीच, की घरात एक साधी वही ठेवावी. अंडी ठेविल्याची तारीख, संख्या व अंड्यांचे वय, सातव्या व चौदाव्या रात्री काढिलेली अंडी, निघालेली पिल्ले, आणि न फुटलेली अंडी फोडून आढळलेली स्थिती, इतके रकाने पुरेत. वीज, हवामान किंवा पेटीवाला ह्यांस बोल लावण्यापूर्वी ही वही पाहावी. आणि ही वही पुरुषाने लिहिली तरी घरातील ज्या बाईच्या हातून आजवर पिल्ले निघत आली, तिला विचारून लिहावी. आमच्या वहीचे पहिले पान मातोश्रींच्या सांगण्यावरूनच भरले आहे. त्यांचा शेरा मात्र अखेरच्या रकान्यात आम्ही स्वतः लिहिला : अठराव्या दिवसापासून हात लावू नये.